बाहेरची लाइन बंद

१

थोरल्याला बाहेर आणलं तेव्हा नोझल त्याच्या मुठीतच होतं, आणि ते पूर्ण उघडं होतं. पाण्याचा मात्र थेंब नव्हता. हातमोजा नोझलला चिकटून बसला होता. छाती, गळा, चेहरा सगळं शिजून निघालं होतं आणि पाठ मात्र धड होती. म्हणजे माणूस आगीकडे तोंड करून उभा राहिला, पाण्याची वाट बघत, आणि पाणी आलंच नाही.

मी आगींची चौकशी करते. त्याआधी बरीच वर्षं बंबावरच होते. लोक मला तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात, पाठीमागे ‘मिरची’. म्हणोत बापडे.

गोदामाच्या दारात फौजदार उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर केस सुटल्याचा आनंद मावत नव्हता.

“सोपं आहे मॅडम,” तो म्हणाला. “दोन भाऊ, दोघंही एकाच बंबावर. वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आईला कुणी सांभाळायचं यावरून. थोरला आत गेला. धाकटा बाहेर पाण्याच्या मुठीवर. धाकट्याने मूठ फिरवली आणि भावाचं पाणी तोडलं. स्वतः कबूल करतोय की मूठ त्यानेच फिरवली. उद्या कोर्टात उभा करतो.”

“आणि मला कशाला बोलावलंत? टाळ्या वाजवायला?”

मुठीचं प्रकरण इथेच सांगून टाकते. बंबातून एक जाड पाइप निघतो आणि जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी दुतोंड्याला येऊन मिळतो. दुतोंड्यातून दोन बारीक पाइप निघतात. एक लाइन आत जाते, आगीच्या तोंडाशी. दुसरी बाहेर राहते, शेजारच्या भिंती भिजवायला. प्रत्येक लाइनला वेगळी मूठ असते. मूठ आडवी केली की पाणी बंद.

धुरात, पाण्याच्या फवाऱ्यात डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून या अग्निशमन केंद्राची एक पद्धत होती. आतल्या लाइनला दुतोंड्यापाशी बकलाचा चामडी पट्टा बांधायचा. हात फिरवला की कळतं, पट्टा असलेली आतली, बिनपट्ट्याची बाहेरची. आतल्या माणसाचा जीव त्या पट्ट्यावर.

“तुमचा खुनी कुठे आहे?” मी विचारलं.

“दवाखान्यात. बेड्या घालून ठेवलाय. त्याच्या वहिनीने काल शिरस्त्राण हाणून त्याचा दात पाडला. आम्ही सोडवलं नसतं तर दुसरा मुडदा पडला असता.”

२

धाकट्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. पाणी तुटल्याचं कळल्यावर तो हातमोजे न घालताच आत धावला होता आणि तापलेल्या भावाला मिठीत धरून त्याने ओढत आणलं होतं. बोटांची कातडी भावाच्या कोटाला चिकटून राहिली. बेडी हाताला घालता येईना म्हणून पायाला घातली होती.

“मला फाशी द्या,” तो म्हणाला. “पण मी पट्टा चाचपला होता हो. देवाशप्पथ चाचपला होता.”

“सुरुवातीपासून सांग. आणि रडू नकोस, मला ऐकू येत नाही.”

त्याने सांगितलं. थोरल्याने स्वतःची लाइन स्वतः जोडली, स्वतः पट्टा बांधला आणि आत शिरला. जोडीदार सोबत होता, पण मुखवट्याची काच तडकली म्हणून त्याला थोरल्याने मागे धाडलं. बाहेरच्या लाइनवर शिट्टी होता. नेहमी शिट्ट्या मारत फिरणारा म्हणून नाव शिट्टी. खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या आणि शिट्टीने सवयीप्रमाणे झोत थेट खिडकीत मारला.

“सवयीप्रमाणे?” माझं डोकं तडकलं. “आत माणूस असताना बाहेरून खिडकीत पाणी? वाफ आणि आग सगळी त्या माणसाच्या अंगावर जाते! शिकवलं नाही का कुणी?”

“दर वेळी शिकवतात. दर वेळी तो विसरतो. आग दिसली की त्याला भान राहत नाही. मग साहेब ओरडतात, ‘बाहेरची बंद!’ दर आगीत होतं हे. आम्ही नकला करतो साहेबांच्या.” तो हसायला गेला आणि त्याचा चेहराच वेडावाकडा झाला. “कालही ओरडले. मी चाचपलं, पट्टा लागला, दुसरी मूठ आडवी केली. आणि आतून दादाचा आवाज आला. ‘पाणी! पाणी दे!’ वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला तो.”

असल्या वेळी काय बोलायचं ते मला आजवर जमलेलं नाही, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला.

“तू मुठीवरून हलला होतास का?”

“एकदा. मागून कुणीतरी ओरडलं, ‘दारात पाइपला पीळ पडलाय, सोडव!’ मी दारापर्यंत पळत गेलो. पीळबीळ काही नव्हता. लगेच परत आलो.”

“मागून म्हणजे कुठून?”

“मागे बंबच होता. इंजिनाच्या आवाजात कोण ते कळलं नाही.”

३

केंद्रात तिघांना गाठलं.

साहेब खुर्चीत होते, पण दाढी वाढलेली, डोळे लाल. “हुकूम बरोबर होता माझा,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “आत माणूस असताना समोरून दुसरी लाइन चालू ठेवायची नाही. मी बाहेरचीच बंद करायला सांगितली. शिट्टी माझ्या शेजारी होता, मी त्याच्यावरच खेकसत होतो.”

“धाकट्याला मुठीवर कुणी ठेवलं?”

“ड्यूटी लागली,” एवढं म्हणून त्यांनी मान फिरवली. माणूस काहीतरी गिळतोय हे दिसत होतं.

शिट्टीचा जबडा फुटला होता. तारांनी बांधलेला. दातांतल्या दातांत बोलत होता. थोरल्याने मागच्या महिन्यात सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली जाळ काढला होता, तेही खिडकीत झोत मारण्यावरूनच. म्हणजे राग असायला कारण होतं.

“जबडा कसा फुटला?”

“हुकूम ऐकला. माझं पाणी जाणार म्हणून हात सैल सोडले. तर पाणी जायच्या ऐवजी दुप्पट आलं. नोझल उसळलं आणि इथे बसलं.” त्याने हनुवटीला बोट लावलं आणि कळवळला. “चूक झाली मॅडम. खिडकीत मारायला नको होतं. पण मारायचा हेतू नव्हता हो.”

तिसरा पंपवाला. दोघा भावांच्या बहिणीचा नवरा. केंद्रात सगळे त्याला जावईबापू म्हणत. गोरागोमटा, आवाज लोण्यासारखा. माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली.

“आमच्या घराला दृष्टच लागली,” तो म्हणाला. “पण मॅडम, धाकट्याला सांभाळून घ्या. पोरगं वाईट नाही. पट्टा भलत्याच लाइनला, त्यात धूर. हाताला काय कळणार बिचाऱ्याच्या?”

“तुम्ही पंप सोडून कुठे गेला होतात?”

“मी? पंपवाल्याने पंप सोडायचा नसतो, तुम्हाला माहीत आहे.”

“हुकूम ऐकल्यावर काय केलंत?”

“लगेच जोर उतरवला. एक लाइन बंद झाली की दुसरीवर सगळा दाब येतो. त्या माणसाला फेकून देईल ना. पहिला धडा आहे तो आमचा.”

उत्तर तोंडपाठ होतं, अचूक होतं. तरी बाहेर पडताना काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळेना म्हणून मी स्वतःवरच चिडले होते.

४

थोरल्याच्या घरी वहिनीने दार उघडलं. ती रडत नव्हती. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना खरचटलेलं होतं, शिरस्त्राण हाणल्याचं.

“त्याला सोडवायला आला असाल तर आल्या पावली परत जा,” ती म्हणाली. “सख्ख्या भावाचं पाणी तोडलं त्याने. मी त्याला लहानाचा मोठा केला, ताटातलं काढून घातलं. आणि त्याने माझं कुंकू पुसलं.”

आतल्या खोलीत थोरल्याची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशेजारी मुलगी, म्हणजे जावईबापूची बायको. पदर कपाळावर ओढलेला. मी वाकले तर डोळा सुजून बंद झालेला दिसला, आणि मनगटाला बोटांचे काळेनिळे ठसे.

“न्हाणीत पडले,” ती म्हणाली.

“न्हाणीला बोटं फुटलीत का?” मी म्हणाले. “किती दिवस झाले इथे येऊन?”

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी तिच्यापाशी येऊन बसली. “सांग ग बाई. आता कुणाची लाज धरतेस?”

मग एकेक बाहेर आलं. नवरा मारायचा. साध्या कारणावरून मारायचा, कारण नसलं तरी मारायचा. मागच्या आठवड्यात तिच्या डोक्यात पाट घातला. थोरल्याने तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी जावईबापूला केंद्रात पाइप वाळवायच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली आणि त्याला गुडघे टेकायला लावलं.

“दादाने त्याला तुडवला,” ती म्हणाली. “सांगितलं, पुन्हा माझ्या बहिणीच्या दारात दिसलास तर बंबाखाली घालीन. तो येऊन मला रस्त्यात म्हणाला, तुझा भाऊ आगीत जातो ना, जाऊ दे. एक दिवस परत येणार नाही.”

वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. “हे मला का नाही सांगितलंस?”

“घाबरले वहिनी. दादा गेला. आता मला कोण वाचवणार होतं?”

५

धमकी म्हणजे पुरावा नव्हे. फौजदाराने ते लगेच ऐकवलंच. मी त्याला गोदामाच्या अंगणात ओढत नेलं. दुतोंड्या जिथल्या तिथे होता. आग विझताक्षणी साहेबांनी त्यावर ताडपत्री टाकून पोलिसांचा पहारा बसवला होता. मी ताडपत्री काढली.

पट्टा बाहेरच्या लाइनला होता.

“बघा!” फौजदार म्हणाला. “पोराने चुकीचा बांधला. नाहीतर मुद्दाम.”

“थोडं वाका. पोट आड येत असेल तर बसा.” मी पट्ट्याचं बकल सोडलं. त्याच्याखालचा पाइप काळाकुट्ट होता. गोदामातून आलेलं काजळीचं पाणी त्यावर वाळलं होतं. मग आतल्या लाइनचा पाइप दाखवला. सगळा काळा, फक्त पट्ट्याच्या रुंदीएवढी एक स्वच्छ पांढरी पट्टी.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. “म्हणजे पट्टा आधी इथे होता.”

“थोरल्याने बांधला तिथे. काळं पाणी वाहायला लागल्यावर कुणीतरी तो काढून इकडे बांधला.”

“धाकट्यानेच. भावाला मारायला.”

“मुठीवर तोच उभा होता. भावाला मारायचं असतं तर सरळ भावाची मूठ फिरवली असती. पट्टा हलवून फसतो कोण? मुठीवरचा माणूस. स्वतःच स्वतःला कशाला फसवेल?”

“मग नंतर हलवला. चूक झाली असं दाखवायला.” फौजदार अगदीच दगड नव्हता.

“कशाने? दातांनी? नंतर त्याच्या बोटांना कातडी नव्हती. बकल लावायला बोटं लागतात.”

तो उठून उभा राहिला. आता त्याचा आवाज बदलला होता. “शिट्टी?”

“शिट्टीच्या हातात नोझल होतं आणि शेजारी साहेब होते. शिवाय पट्टा त्याने हलवला असता तर पाणी आपल्याकडे उसळणार हे त्याला ठाऊक असतं. हात सैल सोडून जबडा कोण फोडून घेईल? आणि साहेबांनी पट्टा हलवला म्हणावं तर ते शिट्टीच्या शेजारून हललेच नाहीत.”

आणि तेव्हा मला खटकलेलं काय होतं ते लख्ख आठवलं. माझ्याच कपाळावर मी हात मारून घेतला.

“ताडपत्री टाकल्यावर इथे कुणी आलं होतं?”

“नाही. माझा माणूस उभा आहे.”

“धाकटा सगळ्यांना सांगतोय की पट्टा आतल्या लाइनला होता. आपण दोघं आत्ता पहिल्यांदा बघतोय. मग जावईबापूला सकाळीच कसं कळलं, की पट्टा भलत्याच लाइनला होता?”

६

केंद्राच्या अंगणात मी तसाच दुतोंड्या मांडला. दोन लाइन, पंप चालू. पंपावर साहेब, मुठीवर फौजदार. बाहेरच्या लाइनचं नोझल मी धरलं. जावईबापू हाताची घडी घालून बंबाला टेकला होता, शिट्टी पायरीवर बसला होता.

“तुम्ही सांगितलंत तसं करू,” मी जावईबापूला म्हणाले. “आतली बंद, आणि लगेच जोर उतरवायचा.”

फौजदाराने मूठ फिरवली, साहेबांनी जोर उतरवला. नोझल माझ्या हातात जरासं थरथरलं. बस्स.

“आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं. फक्त जोर उतरवायचा नाही.”

मूठ फिरली. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून धरलं होतं, तरी नोझलने मला उचलून मागे आपटलं. मनगटात कळ गेली. समोरच्या भिंतीचा गिलावा उडून पडला.

मी तशीच बसून ओरडले, “कोणाचा जबडा फुटेल यात? पहिल्यात की दुसऱ्यात?”

जावईबापूचा रंग उडाला.

“तुम्ही जोर उतरवलाच नाही. उतरवला असतात तर शिट्टी आज शिट्ट्या मारत असता. हुकूम होता बाहेरची बंद करायचा. म्हणजे तुमच्या समजुतीने आतली चालू राहणार होती, तिच्यावर तुमचा सख्खा मेहुणा. तो फेकला जाऊ नये म्हणून तरी जोर उतरवायला हवा होता. पण तुम्हाला माहीत होतं, आतली चालू राहणारच नाही. बाहेरची राहणार, खिडकीत तोंड करून. तिच्यावर तुम्हाला पूर्ण जोर हवा होता.”

“घाबरलो होतो. विसरलो.”

“घाबरलात म्हणून खोटं बोललात. बरं. आणि पट्टा? धाकट्याला पिळाची थाप मारून दाराकडे पळवलंत, पंप सोडून आलात, पट्टा बदललात. पुढचं सगळं आपोआप होणार होतं. शिट्टी खिडकीत मारणार, साहेब ओरडणार, धाकटा हुकूम पाळणार. तुम्हाला हातही लावावा लागला नाही. भावाकडून भाऊ मारवलात!”

“काय बोलताय? पट्ट्याचं मला काय माहीत?”

“सकाळी तुम्हीच म्हणालात, पट्टा भलत्याच लाइनला. पंप न सोडता कसं कळलं? तोवर हे माहीत असलेला माणूस जगात एकच होता.”

त्याने बंबावरचा लोखंडी पाना उचलला आणि तो माझ्यावर धावला. पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला, हाड वाजलेलं मी ऐकलं. दुसरा डोक्यात बसणार होता. शिट्टी मधे पडला, त्याने जावईबापूचा पाय धरला. पान्याने शिट्टीचा कान फाडला, तरी त्याने पाय सोडला नाही.

“तिने घर सोडलं त्याच्यामुळे!” जावईबापू किंचाळत होता. “माझी बायको आहे ती! मी मारीन नाहीतर जाळीन! गुडघे टेकायला लावतो मला?”

मी धड हाताने नोझल काखेत दाबलं आणि साहेबांकडे बघून ओरडले, “वाढवा!”

झोत त्याच्या छातीवर बसला. तो चाकावर आदळला, पाना उडाला. साहेबांनी जोर आणखी वाढवला, मी सांगितलं नव्हतं तरी. पाणी नाकातोंडात जाऊन तो गुदमरायला लागला, हात जोडायला लागला. मला थांबावंसं वाटत नव्हतं. खरंच वाटत नव्हतं. फौजदाराने मूठ आडवी केली म्हणून तो जिवंत राहिला.

७

संध्याकाळी धाकट्याच्या पायातली बेडी काढली. हात गळ्यात बांधून मी दारात उभी होते. वहिनी आली होती, पण पलंगापासून लांब, भिंतीशी. धाकट्याला सगळं सांगून झालं होतं. तो छताकडे बघत होता.

“दाजींनी केलं, कळलं,” तो म्हणाला. “पण मूठ माझ्याच हाताने फिरली ना? त्याला वाटलं असेल मीच तोडलं. भांडणाचा राग काढला मी, असं वाटलं असेल. हेच मनात घेऊन गेला तो.”

माझ्याकडे पुरावे होते, पण याचा पुरावा नव्हता.

साहेब पुढे झाले. टोपी हातात चुरगाळत होते. “असं वाटलं नसेल त्याला.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तुझी ड्यूटी लागली नव्हती मुठीवर. थोरल्याने तुला मुद्दाम तिथे मागून घेतलं. प्रत्येक आगीला घ्यायचा, वर्षभर. मी म्हणायचो, अरे, सख्ख्या भावांना एका लाइनवर लावायचं नाही असा नियम आहे, त्यात तुम्ही बोलत नाही. तर म्हणायचा, ‘नको बोलू दे. मी आत असताना मुठीवर आमचा धाकटाच पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी आत जात नाही.’” साहेबांनी टोपी पलंगावर ठेवली. “नियम मोडला म्हणून नोकरी जाईल, या भीतीने मी गप्प बसलो. तू बेड्यांत पडलास तरी गप्प बसलो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खांदा धड असता तर त्यांच्या थोबाडीत दिली असती. पण त्या क्षणी साहेबांकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

धाकट्याने असा हंबरडा फोडला की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. पट्ट्या बांधलेले हात त्याला तोंडावर घेता येत नव्हते, नुसते हवेत धरले होते.

वहिनी भिंतीपासून सुटली. पलंगावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचे डोळे पुसत राहिली.

“वर्षभराचं साचलंय ना?” ती म्हणाली. “त्याला सांगायचं राहिलं ते मला सांग. शिव्या असल्या तरी सांग. मी ऐकते.”

हुंदके देतच तो म्हणाला, “दादा,” आणि बोलायला लागला.